हीटर प्लग नवे, बॅटरी नवी, तरी पहाटे गाडी उठत नाही. रिले कसा तपासायचा?

अंजीरवाला, सासवड

नमस्कार मंडळी. आमचा चार सिलिंडरचा जुना डिझेल पिकअप आहे. साधा पंपवाला, कॉमन रेल नाही. हिवाळाभर रोज पहाटे साडेतीनला सोनोरीहून अंजिराच्या पाट्या भरायच्या आणि दिवेघाट उतरून मार्केट यार्ड गाठायचं, हा आमचा क्रम. गेले पंधरा दिवस पहाटे गाडी उठेना झालीय. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. सात-आठ सेल्फनंतर एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, गाडी सगळी थरथरते आणि मिनिटभरानं सरळ चालायला लागते. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फला चालू.

बॅटरी दिवाळीत घेतलीय. गॅरेजवाल्यानं चारही हीटर प्लग (गार सिलिंडर आतून तापवणारे) बदलले, जुन्यातले दोन जळालेले निघाले. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. आता तो म्हणतो पंप आणि नोजल खोलू. डॅशवरचा हीटरचा पिवळा दिवा नीट लागतो आणि सात-आठ सेकंदांनी जातो. रिलेच्या, म्हणजे प्लगला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, पुढं टेस्ट लॅम्प लावून बघितला, तोही पेटतो. म्हणजे रिले चांगला धरायचा ना?

परवा गाडी सुरू करण्यात चाळीस मिनिटं गेली. यार्डात पोचलो तर लिलाव उरकत आलेला. पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, पडेल त्या भावाला देऊन आलो. पंप खोलण्याआधी जाणकारांनी सांगावं.

लोणंद रोड

आमच्या गाडीला असंच व्हायचं, डिझेल फिल्टर हवा घेत होता. तोवर स्टार्टिंगचा स्प्रे मिळतो तो आणा, एअर फिल्टरच्या तोंडात दोन फवारे मारले की गाडी लगेच उठते.

वायरमन, हडपसर

अंजीरवाले दादा, आधी एक काम करा. तो स्प्रे आणू नका, आणला असेल तर गाडीत ठेवू नका. त्यात इथर असतो. लाल झालेल्या प्लगवर इथर पडला तर पिस्टन वर यायच्या आधीच तो पेट घेतो. पिस्टनच्या रिंगा तुटलेलं इंजिन मी समोर उघडलेलं बघितलंय. लोणंदच्या भाऊंनी चांगल्या मनानं सांगितलं, पण हीटर प्लगच्या गाडीला हा उपाय नाही.

आता हवेचं. डिझेल पोचत नसेल तर सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नाही. तुमच्याकडं पांढरा झोंबणारा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय, फवारा पडतोय, फक्त पेटत नाहीये. दुपारी गरम इंजिन पटकन उठतंय, म्हणून पंप आणि कंप्रेशनवर माझा संशय जात नाही. आतला गारवा तोडायला जी उष्णता लागते तीच कमी पडतेय. पंपाला हात लावू देऊ नका.

तुमची गफलत दोन ठिकाणी होतेय. डॅशवरचा दिवा टायमरवरून जळतो. टायमर काम करतोय, एवढंच तो सांगतो. प्लगपर्यंत करंट गेला का, याचा त्याला पत्ताच नसतो. दुसरं, टेस्ट लॅम्प. मी २६ वर्षं वायरिंगचं काम करतोय आणि रिले तपासताना टेस्ट लॅम्पनं फसलेली माणसं सगळ्यात जास्त बघितलीत. लॅम्पला लागतो जेमतेम अर्धा-एक अँपिअर. प्लग गार असताना एकेक प्लग सुरुवातीला १५ ते २० अँपिअर ओढतो, गरम झाला की निम्म्यावर येतो. चार प्लगचे मिळून पहिल्या क्षणाला ६० ते ८० अँपिअर त्या एका रिलेच्या पॉइंटमधून, म्हणजे आत एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून, जातात. पॉइंट जळून काळा पडला तरी अर्धा अँपिअर सहज सोडतो, लॅम्प लख्ख पेटतो. साठ अँपिअरला तोच पॉइंट अडवून धरतो. "टक" आवाज आला म्हणून रिले पास करणारेही असेच फसतात. टक झालं म्हणजे रिलेतल्या कॉइलनं (चुंबक होणाऱ्या तारेच्या वेटोळ्यानं) पॉइंट ओढला. पॉइंट टेकून करंट किती गेला, ते त्या आवाजात कळत नाही.

म्हणून प्लग जोडलेले ठेवून, लोडवर मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर चालेल, डीसी २० व्होल्टवर लावा. इंजिन रात्रभर गार झालेलं पाहिजे, गरम असेल तर टायमर हीटर लवकर सोडतो. चावी एका माणसाला फिरवायला सांगा आणि दिवा जळतोय तोवर हे बघा.

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर किती. चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर, बॉडी अर्थ धरून, किती. आणि रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर (बॅटरीची बाजू) एक टोक, ८७ वर (प्लगची बाजू) दुसरं टोक ठेवून किती. सगळ्यात मोलाचं तिसरं माप. चांगला रिले तिथं ०.१, फार तर ०.२ दाखवतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो रिले गेला असं समजा, टक करो नाहीतर न करो.

तिथं पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दिसले तर पॉइंट टेकतच नाहीत. मग कॉइलच्या पिना, ८५ आणि ८६, बघा, एकावर १२ आणि दुसऱ्यावर अर्थ मिळायला पाहिजे. दोन्ही मिळूनही रिले ओढत नसेल तर रिले काढून त्याच दोन पिनांत ओहम मोजा, कॉइल शाबूत असेल तर साधारण ५० ते १०० च्या मधे येतं. अर्थ किंवा १२ यातलं काहीच येत नसेल तर रिलेची चूक नाही, फ्यूज, टायमर आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बघावा लागेल.

आणि दोन प्लग जळालेले निघाले म्हणालात, तिथं माझं मन अडकलंय. इंजिन चालू करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, चावी बंद करा आणि पट्टीवर परत मीटर लावा. काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरही थोडा वेळ हीटर चालू ठेवतात, पण चावी काढल्यावर तिथं शून्यच पाहिजे.

हे सगळं अंधारात करताना जपा. ३० नंबरची वायर थेट बॅटरीवरून येते, चावी बंद असली तरी ती जिवंत असते. पाना आडवा पडला तर वायर पेटेल.

अंजीरवाला, सासवड

दादा, आज पहाटे वडिलांना चावीवर बसवून मोजलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये एकेक आकडा वहीत लिहिला.

बॅटरीवर हीटर चालू असताना ११.९. प्लगच्या पट्टीवर ९.०. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये २.२.

पाच-सहा सेकंदांत रिलेच्या डोक्याला हात लावला तर चटका बसला. वर प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालंय, आणि तापल्यावर जळक्या बेकेलाइटसारखा वास येतो.

दुसरी गोष्ट तुम्ही म्हणालात तशीच निघाली. गाडी चालू करून दहा मिनिटांनी चावी काढली, पट्टीवर ९ व्होल्ट तसेच! स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं रिलेवर हळूच टकटक केलं आणि मीटर शून्यावर पडला. म्हणजे हा रिले अडवतोही आणि चिकटतोही?

वायरमन, हडपसर

बरोबर. पॉइंट खडबडीत झाला की दोन्ही गोष्टी होतात. टेकतो तेव्हा अर्धवट टेकतो, तिथं ठिणगी पडून तापतो, आणि तापला की कधीतरी वितळून चिकटतो. चिकटला की इंजिन चालू असतानाही प्लगला करंट मिळत राहतो, टोकं जळतात. तुमचे जुने दोन प्लग रिलेनंच खाल्ले असणार. नवे प्लग टाकताना रिले सुटतो की नाही हे आधी बघायला हवं होतं. तुमचं नशीब की नवे अजून टिकलेत. तरी पट्टी काढून प्रत्येक प्लगचं टोक आणि बॉडी यात ओहम मोजून घ्या. अर्धा ते दोन ओहमच्या मधे आला तर जिवंत. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा करा, इतक्या छोट्या मापात त्यानं फरक पडतो.

९ व्होल्टनं काय बिघडतं, असं गॅरेजवाला म्हणेल. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या हिशोबानं उतरते. पट्टीवर ११.३ मिळायला हवेत तिथं ९ मिळाले, तर उष्णता शंभरातली ६३ च राहते. दुपारी भागेल तेवढ्यात, सासवडच्या पहाटेला नाही.

आता तुमची बेरीज करा. ९.० आणि २.२ मिळून ११.२. बॅटरीवर ११.९. उरलेले ०.७ कुठं गेले? बॅटरीपासून रिलेपर्यंतच्या जाड वायरीचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि बॉडी अर्थ, दोन्ही बघा. नुसता रिले बदललात तर हे ०.७ तिथंच राहतील, उलट करंट वाढल्यावर आणखी वाढतील. म्हणून या बेरजेसाठी मी तीन मापं घ्यायला लावतो.

रिले आणायला नाना पेठेत जाल तर जुना हातात घेऊन जा आणि वरचे अँपिअर वाचून घ्या. हॉर्नचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिलेही चार पिनांचाच असतो, काही गाड्यांच्या सॉकेटमध्ये गपकन बसतो आणि पंधरा दिवसांत जळतो. तुमच्या गाडीला ७० चा लागेल. बसवताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, रिलेच्या पिना खाली राहतील असा लावा. गाडी धुताना तिथं प्रेशरनं पाणी मारू देऊ नका, थिंबल हिरवं पडतं ते त्यामुळंच.

कोणी बायपास बटण टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. साधं बटण एवढा करंट पेलत नाही, आणि थंडीच्या घाईत माणूस ते जास्त वेळ दाबून धरतो. प्लगचं टोक तुटून आत पडलं तर हेड खोलावं लागतं.

नवीन गाडीवाले कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी: काही कॉमन रेल गाड्यांत ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग असतात आणि कंट्रोलर त्यांना तोडून-तोडून करंट देतो. प्लगवर छापलेलं वाचल्याशिवाय त्यांना थेट १२ व्होल्ट लावून बघू नका, क्षणात जातील.

जुना मॅटॅडोरवाला, भोसरी

वायरमनदादांनी नीट सांगितलंय. एक भर घालतो. आमच्या जुन्या गाडीत प्लग माळेसारखे एकामागोमाग जोडलेले होते, एक गेला की चारही गार. नंतरच्या गाड्यांत चारही प्लग स्वतंत्रपणे पट्टीवर असतात, एक-दोन गेले तरी गाडी ओढून-ताणून चालू होते आणि बिघाड महिनोन्महिने लपून राहतो. त्यामुळं दिवाळी झाली की एकदा मोजून घेत जा.

अंजीरवाला, सासवड

काम झालं. बॅटरीच्या बाजूचं थिंबल ओढून बघितलं तर वायरीच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. चांगल्या तांब्यापर्यंत मागं कापून नवं थिंबल दाबून बसवून घेतलं. नाना पेठेतून ७० अँपिअरचा रिले आणला. प्लग चारही मोजले, एक ते सव्वा ओहमच्या आत आहेत.

जुना रिले रविवारी ओसरीवर बसून चाकूनं उघडला. आत मसूरडाळीएवढे दोन पॉइंट आहेत. एकाला खड्डा पडलाय आणि समोरच्यावर मोहरीएवढं टेंगूळ आलंय, खड्ड्यातला धातू तिकडं जाऊन बसल्यासारखा. टेंगूळ खड्ड्यात अडकतं म्हणून सुटत नव्हता. पॉइंट धरणारी पट्टी तापून निळी पडलीय.

आज पहाटेचे आकडे: बॅटरीवर ११.६, पट्टीवर ११.३, रिलेमध्ये ०.१. तीन पस्तीसला चावी फिरवली, दिवा गेला, एका सेल्फला गाडी उठली. पांढऱ्या धुराचा एक झोत आला तेवढाच. चावी काढल्यावर पट्टीवर शून्य. पंपाला पाना लावू दिला नाही. वायरमनदादा, यार्डाकडं कधी येणं झालं तर इथं कळवा, एक पाटी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो.