माणूस एकाएकी बदलला तर आधी मनाचा डॉक्टर की आधी रक्ततपासणी?

गोदाकाठची: माझं मत स्पष्ट आहे. घरातलं माणूस दोन-चार दिवसांत बदललं, असंबद्ध बोलू लागलं, तर त्याला मानसिक रुग्ण ठरवण्याआधी त्याचं शरीर तपासलंच पाहिजे. नातेवाइकांनी ही मागणी डॉक्टरांकडे ठासून करावी.

पंचवटीत आमच्या शेजारच्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. संध्याकाळ झाली की म्हणायच्या, दारात माणसं उभी आहेत. सकाळी पुन्हा बऱ्यापैकी. घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला, मग कुणीतरी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर त्या जास्तच बिघडल्या. शेवटी एका फिजिशियनने रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध होतं. ते बंद केलं, सोडियम सावकाश वर आणलं आणि काकू आठवडाभरात माणसात आल्या.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. भान तासातासाला बदलतं, लक्ष एका जागी राहत नाही, दिवस-वार कळत नाही, नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात. कारण लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, न्यूमोनिया, साखर उतरणं, किडनी किंवा लिव्हरचा बिघाड, एखादं नवं औषधसुद्धा. म्हाताऱ्या माणसाला तर बाथरूममध्ये साधं घसरल्यावर काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त त्रास देऊ लागतं. तोवर घरचे पडल्याचं विसरूनही गेलेले असतात.

समुपदेशक नाशिकरोड: ताई, डिलिरियमबद्दल तुमचं सगळं मान्य. पण धाग्याच्या शीर्षकाला माझा विरोध आहे. तुम्ही ‘एकाएकी’ लिहिता, आणि लोक ते कुठल्याही मानसिक त्रासाला लावतात.

माझ्याकडे येणारी घरं वेगळी असतात. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, कित्येक महिने कानात आवाज येतात, कॉलेज सुटलंय, खोलीबाहेर येत नाही. भान पूर्ण आहे, तारीख-वार सांगतो. वडिलांनी एमआरआय केला, नॉर्मल. थायरॉइड, बी-१२, नॉर्मल. तरी ते दुसऱ्या शहरात दुसरा एमआरआय काढायला निघतात, कारण ‘मेंदूची नस दबलीय’ हे चारचौघांत सांगता येतं, स्किझोफ्रेनिया सांगता येत नाही. आजार सुरू झाल्यापासून औषध मिळेपर्यंत जितका उशीर होतो, तितकं सावरणं अवघड जातं. आधी शरीर, आधी शरीर करत त्या पोराचं वर्ष जातं. याला जबाबदार कोण?

निफाडचा बागायतदार: दोघांनाही एक सांगतो. आमच्याकडे रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात पडतो. दोन-तीन दिवस दारू नाही. मग हात थरथरतात, घाम फुटतो, अंगावर किडे दिसायला लागतात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं. ती दारू तुटल्याची अवस्था असते आणि उपचार नाही झाले तर जीव जातो. भरती करतानाच डॉक्टरला पिण्याचं खरं सांगा, लाज धरू नका. द्राक्षबागेत फवारणी करून आलेला माणूस बरळू लागला, सोबत लाळ, घाम, उलटी असेल, तर थेट दवाखाना. फवारलेल्या औषधाची बाटलीही सोबत न्या.

गोदाकाठची: सर, त्या मुलाचं वर्ष वाया जाऊ नये हे मलाही वाटतं. पण मनाचा म्हणून बंद केलेला दरवाजा पुढे शरीराच्या बाजूने उघडला, असं वैद्यकात पुन्हा पुन्हा घडलंय. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत भ्रमिष्टपणा आणि अर्धांग अशी असंख्य माणसं मरत होती. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना त्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे, म्हणजे सिफिलिस या लैंगिक आजाराचे, जंतू सापडले. मलेरियाचा ताप मुद्दाम आणून त्यावर उपचार करणाऱ्या वॅग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं, आणि पुढे पेनिसिलिनने चित्रच पालटलं.

अगदी अलीकडचं, २००७ चं उदाहरण घ्या. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या भागांवर, हल्ला करते, असा मेंदूदाह तेव्हा ओळखला गेला. बऱ्याचदा तरुण मुली. सुरुवात संशय, भास, आरडाओरड अशी. मग झटके, बोलणं बंद, तोंडाच्या विचित्र हालचाली. काहींच्या बीजकोशात (ओव्हरीत) गाठ निघते. वेळेत ओळखलं तर बहुतेक जणी सावरतात. अशा मुलीला फक्त मानसिक म्हणून ठेवलं तर?

अंबड लिंक रोड: तुम्ही दोघं तपासणीवर भांडताय. माझ्या घरी तपासणीचं उत्तर पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये आहे.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मोटारसायकलचा अपघात, हेल्मेट नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार. नवरा वाचला, चालतो, हिशेब बिनचूक करतो. पण पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलतो, क्षणात चिडतो, पैसे उधळतो, आणि आपण बदललोय हे त्याला पटतच नाही. सासरचे म्हणतात, डोकं तर शाबूत आहे, मुद्दाम करतो. सातपूरच्या नोकरीवरूनही त्याच कारणाने काढलं.

ऑपरेशन करणाऱ्यांनी जखम भरली म्हणून सोडलं. मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला घरचे तयार नव्हते, ‘त्याला वेड थोडंच लागलंय, मार लागलाय’. मी भांडून नेलं. औषधाने राग बराच उतरला, आणि त्याच्याशी कसं बोलायचं, गर्दी कशी टाळायची, पैसे हातात किती ठेवायचे, हे तिथे शिकले. शरीराचं कारण सापडलं की मानसोपचार नको, हा समज माझ्या संसाराला महाग पडला. ताई, तुमच्या लिखाणातून तोच समज पसरू नये एवढीच विनंती.

समुपदेशक नाशिकरोड: वहिनी, तुमच्या प्रतिसादाने मुद्दा नेमका पकडलाय. मी एवढं मानतो: पहिल्याच वेळी शारीरिक तपासणी, साखर, सोडियम, थायरॉइड, बी-१२, किडनी, लिव्हर, लघवी. स्कॅन मात्र खुणा असतील तरच. ताप, झटके, डोक्याला मार, तोल जाणं, भान हरपणं, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच भास होणं. यातलं काही नसेल तर एमआरआयची वाट पाहत औषध थांबवू नका.

गोदाकाठची: वहिनींची विनंती मान्य. सर, तुमची यादीही मान्य, पण ‘खुणा असतील तरच’ यात खुणा बघणार कोण? दहा मिनिटांत गोळ्या लिहून मोकळं होणाऱ्या ठिकाणी नाडीला हातही लागत नाही, काकूंच्या बाबतीत तेच झालं. म्हणून नातेवाइकांनी घरून निघतानाच चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालावीत, आणि बदल नेमका कधी सुरू झाला, त्याआधी ताप, पडणं, नवं औषध यातलं काय झालं, हे कागदावर लिहून न्यावं. यावर आपलं एकमत होतंय का?

समुपदेशक नाशिकरोड: कागद आणि पाकिटांवर पूर्ण एकमत. शीर्षकावर अजूनही नाही.