मदत हवी आहे : व्हॉल्व्ह प्रीअँपचा हीटर सप्लाय दिवसा शांत, रात्री घुमतो

नमस्कार मंडळी,

व्हॉल्व्हवरचं (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवरचं) माझं हे पहिलंच काम. घरात नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या आहेत, त्या नीट ऐकायच्या म्हणून दोन १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३, व्हॉल्व्ह घेऊन फोनो प्रीअँप, म्हणजे तबकडीचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, बांधतोय. पिकअपमधून सिग्नल येतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला, एसी दिला तर त्याची घरघरही गाण्याबरोबर वाढणार, म्हणून हीटर डीसीवर ठेवलेत.

सप्लाय असा आहे : १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर (पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेतलेला), १एन४००७ डायोडचा ब्रिज (एसीचा डीसी करणारा), २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि पुढे एलएम३१७, म्हणजे आउटपुटचे व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. त्याला २२० ओम आणि २ किलोओम लावून आउटपुट १२.६ व्होल्ट. हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, प्रत्येकी १५० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण ३००. हिशेबाने सगळं ऐसपैस आहे.

दुपारी प्रीअँप अगदी शांत चालतो. रात्री आठनंतर स्पीकरमधून जाडसर ‘घूं’ सुरू होतो. तेव्हा मीटरवर ३१७ च्या इनपुटला १३.८ आणि आउटपुटला १२.१ व्होल्ट दिसतात. दुपारी हेच आकडे १५.४ आणि १२.६ असतात. मीटर एसी रेंजवर टाकून आउटपुट पाहिलं तर रात्री ०.३ व्होल्ट, दुपारी जवळपास शून्य. प्लगमध्ये रात्री २०८ व्होल्ट येतात. एक व्हॉल्व्ह काढला की रात्रीसुद्धा आउटपुट पुन्हा १२.६ आणि आवाज बंद. ३१७ बदलून पाहिला, काही फरक नाही. तो हाताला जेमतेम कोमट लागतो, म्हणजे तापून बंद पडत नसावा.

ट्रान्सफॉर्मर कमी पडतोय का? तसं असेल तर केवढा घ्यावा? की दोष आणखी कुठे आहे?

प्रतिसाद १

मोजमापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. ३१७ चांगला आहे, ट्रान्सफॉर्मरही अँपिअरमध्ये कमी नाही. कमी पडतायत ते व्होल्ट.

तुमचा मीटर इनपुटची सरासरी दाखवतो, पण कपॅसिटरवरचा दाब सेकंदाला शंभर वेळा चढतो आणि उतरतो. ०.३ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद भागिले २२०० मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे १.३६ व्होल्टचा चढउतार. प्रत्यक्षात थोडा कमी, एक-सव्वा व्होल्ट धरा. म्हणजे रात्री १३.८ दिसतात तेव्हा खालचं टोक १३.२ च्या आसपास असतं. ३१७ ला इतक्या लोडवर स्वतःसाठी पावणेदोन व्होल्ट लागतात, म्हणजे १२.६ द्यायला त्याला इनपुटला किमान १४.४ हवेत. ते रात्री मिळतच नाहीत. मग तो रेग्युलेट करणं सोडतो आणि इनपुटची लाट जशीच्या तशी पुढे ढकलतो. तुम्हाला ऐकू येतो तो हाच १०० हर्ट्झ. एक व्हॉल्व्ह काढल्यावर लाट निम्मी होते, ट्रान्सफॉर्मरही कमी दबतो, आणि गाडी रुळावर येते.

कायमचा उपाय १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. मग ३१७ वर साधारण दोन-सव्वादोन वॉट उष्णता पडेल, त्याला छोटा हीटसिंक लावा. तोवर तात्पुरतं चालवायचं तर त्या २ किलोओमला समांतर ३९ किलोओम जोडा. आउटपुट १२.१ च्या जवळ येईल. हीटर चार-पाच टक्के कमी दाबावर आनंदाने चालतो, पण ११.५ च्या खाली नेऊ नका. सोबत आणखी एक २२०० चा कपॅसिटर आणि ब्रिजमध्ये १एन४००७ ऐवजी १एन५८२२ डायोड टाकलेत तर आणखी सव्वा-दीड व्होल्ट हाती लागेल. मात्र दाब २०० च्या खाली गेला की पुन्हा तेच.

प्रतिसाद २

वरच्यांचं निदान पटतंय. तरी खर्च करण्याआधी खात्री करून घ्या. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ती पूर्ण चार्ज करून थोडा वेळ ठेवली की १२.६ च्या आसपास स्थिरावते, हीटरला हवी तेवढीच. मध्ये १ अँपिअरचा फ्यूज घालून रात्री त्यावर हीटर चालवा. आवाज गेला तर दोष हीटर सप्लायचाच. बॅटरीचं किंवा सप्लायचं निगेटिव्ह ऑडिओ ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडलेलं हवं. हीटर अधांतरी ठेवला तर वेगळीच घुमघुम सुरू होते. आणि वायर बदलण्याआधी एचटीचे (व्हॉल्व्हच्या हाय व्होल्टेज सप्लायचे) कपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने बघा. स्विच बंद केल्यावरही त्यांच्यात अडीचशे व्होल्ट बराच वेळ राहू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बॅटरी लावून काल रात्री ऐकलं. प्लगमध्ये २०६ व्होल्ट होते आणि स्पीकर पूर्ण शांत! निगेटिव्ह आधीपासून इनपुट सॉकेटपाशी ग्राउंडला जोडलेलं आहे. आता १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणतो. शेवटची शंका : सध्याचा २५ व्होल्टचा कपॅसिटर त्यावर चालेल का? आमच्याकडे पहाटे दाब २४५ पर्यंत जातो.

प्रतिसाद १

नको. लोड नसताना १५ चा ट्रान्सफॉर्मर १७ पर्यंत देतो, पहाटेच्या २४५ वर १८. त्याचं टोक साडेपंचवीस, डायोडचे वजा केले तरी चोवीस उरतात, म्हणजे २५ च्या अगदी काठावर. ३५ व्होल्टचा घ्या, आणि ४७०० मायक्रोफॅरडचाच घ्या.