निकाल वाचून जजचा स्वभाव कळतो का? (वाटपाचा दावा, निशाणी ५)

माणदेशी_पोर:
तालुका कोर्टात आमचा वाटपाचा दावा आहे, निशाणी ५ वर म्हणजे तूर्तातूर्त मनाईवर (निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये असा आदेश मागणाऱ्या अर्जावर) युक्तिवाद व्हायचा होता आणि तेवढ्यात साहेबांची बदली झाली, आता नवीन मॅडम आल्यात. चुलते जमीन विकायला निघालेत, घरात कोणाला झोप नाही. ईकोर्ट साइटवर मॅडमच्या आधीच्या कोर्टातले मनाईचे ८ आदेश वाचले, ५ नामंजूर. कडक आहेत का?

वकील_१९९८:
दादा, मंजूर-नामंजूर मोजून काही कळत नाही. प्रथमदर्शनी केस, कोणाची गैरसोय जास्त आणि भरून न येणारं नुकसान, हे तीन मुद्दे त्या प्रत्येक अर्जात त्याच्या कागदांवर तपासतात का नुसते छापील वाक्यात उरकतात ते बघा. आणि जो हरला त्याचं म्हणणं आदेशात किती आलंय ते तर आधी वाचा, मी तरी तिथूनच अंदाज घेतो. बाकी लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली का? नसेल तर आधी ते करा.

चिकाटी:
रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद वाचा, निकालापेक्षा जास्त कळतं. कायद्यात एका पार्टीला तीनच मुदती (तारीख पुढे ढकलून घेणं) म्हटलंय पण आमच्याकडे मुदतीचे अर्ज नुसते मंजूर मंजूर होत गेले, नऊ वर्षं गेली हो. मग एका साहेबांनी समोरच्यांना ५०० रुपये कॉस्ट (खर्चाचा भुर्दंड) लावली आणि पुढच्याच तारखेला त्यांचा साक्षीदार हजर!

सुमन_ताई:
कोर्टात जाऊन बसा, मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं. माझ्या आईची उलटतपासणी होती, वय ७४, साहेबांनी आधी खुर्ची द्यायला लावली आणि समोरच्या वकिलाने एकात दोन प्रश्न घुसवले की "एकेक विचारा" म्हणायचे, हे कुठल्या पीडीएफमध्ये दिसणार? निकाल आमच्या विरोधात गेला, पण आईचं म्हणणं का पटलं नाही ते स्पष्ट लिहिलेलं, अपिलात तेच कामाला आलं.

माणदेशी_पोर:
ते ५ आदेश परत काढले. तिघांनी तर सातबारासुद्धा जोडला नव्हता आणि एकाची जमीन दावा लावायच्या आधीच विकलेली होती, हे मी पहिल्यांदा वाचलंच नव्हतं. आमचा सातबारा, फेरफार सगळं लावलेलं आहे. नोटिशीचं उद्याच वकिलांना विचारतो, आणि मंगळवारी आमची तारीख नाही तरी जाऊन बसतो.