मदत हवी आहे: चिखल्या पक्ष्याच्या डोक्यातून क्षितिजाची रेघ जाते

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात चार वेळा आक्षीला जाऊन आले. अलिबागजवळची आक्षी. ओहोटीला तिथे जो ओला, अर्धा वाळूचा अर्धा चिखलाचा पट्टा उघडा पडतो, तिथेच माझा मुक्काम असतो. ध्यास एकाच पक्ष्याचा घेतलाय, सँड प्लोव्हर, आपल्या चिखल्यांमधला. मुठीएवढा जीव, तिबेट आणि मध्य आशियातून आपल्या किनाऱ्यावर थंडी काढायला येतो. तीन-चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि चिखलातला किडा चोचीत धरून ओढतो. किडा रबरासारखा ताणला जातो आणि तो सुटेपर्यंत पक्षी पाय रोवून मागे रेललेला असतो. मला हा क्षण हवाय. दोनदा मिळालाही, पण दोन्ही वेळा मागच्या पसाऱ्याने फोटो घालवला.

पहिला फोटो उभं राहून काढला होता. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५०० मिलिमीटर लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) ६.३, पक्षी साधारण १५ मीटरवर. घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. माझा डोळा दीड मीटर उंच, पक्ष्याचं डोकं जमिनीपासून १५ सेंटीमीटर. म्हणजे डोक्यामागे दिसणारा चिखल पक्ष्याच्या जेमतेम पावणेदोन मीटर मागचा. तो धूसर होणार कसा? खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्या, रबरी चपलेचा अंगठा, वेफर्सचं चकाकणारं पाकीट, सगळं ओळखू येतं.

म्हणून दुसऱ्यांदा आडवी झाले. स्वयंपाकघरातली जुनी परात नेली, तिच्यात तांदळाची पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि परात चिखलावरून हळूहळू ढकलत पुढे. मागचा चिखल छान विरघळला, पण आता क्षितिजाची गडद रेघ नेमकी पक्ष्याच्या डोळ्यातून जाते आणि तिच्यावर कोळ्यांच्या होड्या, त्यांचे भगवे-लाल झेंडे. धूसर झाले तरी डोळा आधी तिकडेच जातो.

अजून जवळ गेलं तर पार्श्वभूमी आणखी विरघळेल हे कळतं. पण पक्षी चरत असतो. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगावर चरबी चढवायची असते, आणि माझ्यासाठी त्याने दहा वेळा उडावं हे मला पटत नाही. संगणकावर होड्या पुसून टाकायच्या नाहीत. ती कोळ्यांची जागा आहे, पुसली तर फोटो खोटा होतो. तर जागेवरच काय करता येईल? अजून खाली जाऊ का? १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच १.४ पट करणारा जोड) लावून उपयोग होईल का?

प्रतिसाद

ताई, खाली नाही, थोडं वर या. क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीवरच दिसतं. परात, पिशवी आणि लेन्सची अर्धी जाडी मिळून तुमची लेन्स १५ सेंटीमीटरवर आली असणार, म्हणजे बरोबर पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर. तांदळाच्या आणखी दोन पिशव्या ठेवून लेन्स ३५ ते ४० सेंटीमीटरवर न्या. १५ मीटरवर तुमची आडवी चौकट जवळपास अर्धा मीटर उंच असते. पक्षी चौकटीत किंचित वरच्या बाजूला ठेवलात की क्षितिज आणि होड्या बाहेर जातात. डोक्यामागचा चिखल मग पावणेदोनऐवजी दहाएक मीटर मागचा येतो आणि व्यवस्थित विरघळतो.

तरीही एखादी होडी नडली तर बाजूला सरका. तुम्ही एक मीटर सरकलात की २०० मीटरवरची होडी पक्ष्याच्या तुलनेत बारा मीटर सरकते. फक्त पक्ष्याकडे सरळ जाऊ नका, तिरकं सरका. टेलिकन्व्हर्टर आता नको. एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जाईल आणि या वेगवान पक्ष्याला तो परवडणार नाही. नऊनंतर चिखलावरची गरम हवा थरथरू लागली की लांबचा फोटो तसाही अस्पष्ट येतो.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तिथीची भर घालतो. आमच्याकडे तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट केलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. एकादशी-द्वादशीला सकाळी सव्वाआठ-नऊला पाणी भरतं. सातला जाऊन भरतीच्या रेषेजवळ आडव्या व्हा आणि हलू नका. पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, पाठलागाची गरजच नाही.

पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी ओहोटी असते. तेव्हा ओल्या पट्ट्यात पुढे जाऊन किनाऱ्याकडे तोंड करा. सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्याच्या मागे सुरूच्या बनाची काळपट हिरवी भिंत. तिच्यापुढे पक्ष्याचं पांढरं पोट उजळून दिसतं, तेव्हा एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) थोडं कमी ठेवा. पाणी परत फिरायच्या आत मात्र उठा, समुद्र पाठीशी असतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. लेन्स डोक्याच्याच उंचीवर होती हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता घरात परातीत तीन पिशव्या रचून पट्टीने मोजलं, ३७ सेंटीमीटर भरले, पण लेन्स डुगडुगते. तांदळाऐवजी वाळू भरली तर जास्त स्थिर राहील का? द्वादशीच्या आत कळवलंत तर बरं होईल.