तोब्रुकचा वेढा आणि ‘द डेझर्ट रॅट्स’

प्रश्न:
रॉबर्ट वाइज दिग्दर्शित ‘द डेझर्ट रॅट्स’ (१९५३) हा कृष्णधवल चित्रपट नुकताच पाहिला. रिचर्ड बर्टनचा कप्तान आणि जेम्स मेसनचा जर्मन सेनापती रोमेल दोघेही मनात ठसले. दुसऱ्या महायुद्धात रोमेलच्या रणगाड्यांपुढे पायदळाने लिबियातील तोब्रुक बंदर इतके महिने कसे राखले, आणि तिथे आपले सैनिक होते का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १:
याचे उत्तर एप्रिल १९४१ मधील ईस्टरच्या लढाईत आहे. रणगाडे डोक्यावरून गेले तरी ठाणे सोडायचे नाही, त्यांना आत जाऊ द्यायचे आणि मागून येणारे पायदळ तेवढे अडवायचे, अशी जनरल मॉर्सहेड यांच्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनची पद्धत होती. १४ एप्रिलच्या पहाटे आत शिरलेले रणगाडे असे एकटे पडले आणि २५ पौंडी तोफांच्या थेट माऱ्यात सापडले. रसद फक्त समुद्रमार्गे येई. विनाशिका (वेगवान युद्धनौका) अंधारात धक्क्याला लागत, दारूगोळा उतरवत आणि जखमींना घेऊन उजाडण्यापूर्वी निघून जात.

प्रतिसाद २:
वरील माहिती योग्यच आहे, पण शीर्षकाबद्दल माझी तक्रार आहे. ‘डेझर्ट रॅट्स’ हे नाव ब्रिटिशांच्या सातव्या आर्मर्ड (चिलखती) डिव्हिजनचे. तिच्या बिल्ल्यावर उड्या मारणारा वाळवंटी उंदीर असे. तोब्रुकचे शिलेदार ते ‘रॅट्स ऑफ तोब्रुक’. सापळ्यातले उंदीर म्हणून जर्मन रेडिओने त्यांना हिणवले आणि त्यांनी तेच नाव अभिमानाने मिरवले. ज्यांनी वेढ्याचा मुख्य भार सोसला, त्या ऑस्ट्रेलियनांच्या कथेचा नायक इंग्रज कप्तान असावा, हेही मला खटकते.

प्रतिसाद ३:
आपले सैनिक होते. १९४१ च्या वेढ्यात भारताची १८ वी कॅव्हलरी तटबंदीवर होती. मराठा पलटणीचा संबंध मात्र पुढच्या वर्षीचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. २० जून १९४२ रोजी सकाळी रोमेलने आग्नेय बाजूने जो निर्णायक हल्ला चढवला, तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या आघाडीवर. आधी विमानांनी आणि तोफांनी ती जागा भाजून काढली, मग रणगाडे आले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. या पराभवाचा दोष मराठ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण तोवर रणगाडे अडवणारा खंदक जागोजागी वाळूने बुजला होता आणि बरेच सुरुंग तोब्रुकच्या पश्चिमेकडील गझालाच्या बचावफळीसाठी काढून नेलेले होते.