जॉर्जिया, १८५०: फुटून निघायच्या तयारीचा कायदा, आणि निकाल भलताच?

ओसरी:
फेब्रुवारी १८५० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कॅलिफोर्नियाला गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून संघात घेतलं तर गव्हर्नरने कन्व्हेन्शन बोलवायचं. ९ सप्टेंबरला कॅलिफोर्निया आत आलंसुद्धा. आणि डिसेंबरात हेच जॉर्जिया म्हणतं, आम्ही संघातच राहतो! मग डिसेंबरातला तो निर्णय, म्हणजे 'जॉर्जिया प्लॅटफॉर्म', हा विधिमंडळाचा ठराव धरायचा का? आणि निर्णय विधिमंडळानेच का घेतला नाही?

रेघोटी:
विधिमंडळाचा नाही. गोंधळ बहुतेक 'अधिवेशन' या शब्दामुळे होतो. मराठीत कन्व्हेन्शनला सरसकट अधिवेशन लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं विधिमंडळच बसलं. ही त्या एकाच कामासाठी जनतेतून निवडलेली वेगळी परिषद होती.

वेगळी का? संघराज्याच्या घटनेला जॉर्जियाने २ जानेवारी १७८८ ला मान्यता दिली, तीही अशाच परिषदेतून. परिषदेने बांधलेली गाठ परिषदच सोडू शकते, विधिमंडळ नाही, अशी दक्षिणेतली घटनामीमांसा. साउथ कॅरोलिनाने १८३२ मध्ये केंद्राचा जकात कायदा रद्दबातल ठरवला तोही परिषदेतूनच. शिवाय जॉर्जियाचं विधिमंडळ तेव्हा दोन वर्षांतून एकदा बसायचं. १८४९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं सत्र उरकलं की पुढची बैठक थेट १८५१ मध्ये. म्हणून 'असं झालं तर' अशा अटी आधीच लिहून गव्हर्नर टाउन्स यांच्या हाती दिल्या. कॅलिफोर्निया ही त्यातली एक. विल्मॉट प्रोव्हायझो मंजूर होणं, म्हणजे मेक्सिकोकडून मिळालेल्या मुलखात गुलामगिरीला बंदी, ही दुसरी.

खोच पुढे आहे. कायद्याने परिषद बोलावणं सक्तीचं केलं, परिषदेने काय ठरवायचं ते नाही. टाउन्स यांनी २३ सप्टेंबरला घोषणा केली आणि मतदान २५ नोव्हेंबरला. मधले दोन महिने जहालांना, म्हणजे फुटून निघायला निघालेल्यांना, भोवले.

शिळाप्रेस:
त्या दोन महिन्यांत जॉर्जियाचे नेते स्टीफन्स आणि टूम्ब्स (व्हिग पक्षाचे) आणि प्रतिस्पर्धी डेमोक्रॅट पक्षाचे हॉवेल कॉब एकत्र येऊन राज्यभर फिरले. (कॉब हे प्रतिनिधिगृहाचे स्पीकर; ६३ व्या फेरीत निवडून आलेले. काँग्रेस किती चिरफळलेली होती ते यावरून कळतं.) त्यांच्याकडे दाखवायला माल होता: कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासोबत काँग्रेसने केलेले बाकीचे कायदे, म्हणजे '१८५० ची तडजोड'. १८ सप्टेंबरला पळालेले गुलाम परत धरून देण्याचा कडक कायदा झाला होता. यूटा आणि न्यू मेक्सिकोत बंदीचं कलम घातलेलं नव्हतं. देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामगिरी नाही. त्यात कापसाला भाव चांगला होता. १८४० च्या दशकातल्या मंदीनंतर हाती पैसा खेळू लागल्यावर संघ मोडायला कोण उठणार?

परिषद १० डिसेंबरला जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीत, मिलेजव्हिलला भरली. २६४ प्रतिनिधींपैकी सुमारे २४० संघवादी. चार्ल्स जेंकिन्स यांनी मसुदा लिहिला, तो २३७ विरुद्ध १९ ने मंजूर.

ओसरी:
म्हणजे ही मंडळी गुलामगिरीविरोधी होती?

रेघोटी:
अजिबात नाही. स्टीफन्स, टूम्ब्स, कॉब तिघेही गुलामांचे मालक. १८५० च्या जनगणनेत जॉर्जियाच्या ९,०६,१८५ लोकांपैकी ३,८१,६८२ गुलाम होते. भांडण गुलामगिरी टिकवायची की नाही याचं नव्हतंच; संघात राहून ती जास्त सुरक्षित की बाहेर पडून, एवढंच.

पाच ठराव मुळातून वाचा. तिसरा म्हणतो, तडजोड पूर्णपणे पसंत नाही, पण कायमची म्हणून पाळू. चौथ्यात धमकी आहे: राजधानीत गुलामगिरी रद्द करणं, राज्याराज्यांतला गुलामांचा व्यापार बंद पाडणं, गुलामगिरी आहे म्हणून एखाद्या राज्याला प्रवेश नाकारणं, यूटा-न्यू मेक्सिकोत बंदी घालणं, किंवा पळालेल्या गुलामांचा कायदा रद्द वा ढिला करणं. यातलं काहीही झालं तर विरोध, आणि शेवटी नाइलाजच झाला तर संघाशी असलेला प्रत्येक धागा तोडू. पाचवा तर सरळ सांगतो की तो कायदा इमानाने राबवण्यावरच संघाचं टिकणं अवलंबून आहे. याला 'मवाळ' म्हणताना जरा जपून.

शिळाप्रेस:
शेजारी याच निकालाकडे डोळे लावून होते. जॉर्जिया हलत नाही म्हटल्यावर साउथ कॅरोलिनाला एकट्याने पुढे जाणं जड गेलं. १८५२ च्या त्यांच्या परिषदेने फुटून निघण्याचा हक्क कागदावर मांडला आणि थांबली. मिसिसिपीत १८५१ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत संघवादी हेन्री फूट यांनी जहालांच्या बाजूच्या जेफरसन डेव्हिस यांना ९९९ मतांनी हरवलं.

१८६० मध्ये यंत्र तेच, फक्त वेग वेगळा. नोव्हेंबरात विधिमंडळाने संरक्षणासाठी १० लाख डॉलर मंजूर करून परिषद बोलावली. २ जानेवारीला मतदान, १९ ला २०८ विरुद्ध ८९ मतांनी जॉर्जिया बाहेर. प्रचाराला दोन महिने द्यायची चूक या वेळी केली नाही. आणि चौथ्या ठरावाची यादी समोर ठेवून पाहा: १८५८ मध्ये कॅन्ससच्या लेकॉम्प्टन घटनेवरून (गुलामगिरी मान्य करणारी, राज्य म्हणून प्रवेशासाठी मांडलेली) वाद पेटला, पण काँग्रेसने थेट नकार न देता प्रश्न पुन्हा मतदानाला पाठवला. लिंकन निवडून येणं तर त्या यादीत कुठेच नव्हतं.