भाचीला नागपूरला ओटीची सीट लागली आहे, घ्यावी का?

प्रेषक: डॅलसचे सभासद

नमस्कार मंडळी,

माझी भाची नागपूरला नंदनवनात राहते. यंदा तिने नीट दिली. एमबीबीएसपर्यंत पोहोचेल एवढा स्कोअर नाही, पण सीईटी कक्षाच्या यादीत तिला नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला) बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटीच्या) पदवीला, सीट लागली आहे. आजारी किंवा अपंग माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांची ही शाखा. घरात दोन तट पडलेत. भाऊजी म्हणतात, सरळ रिपीट कर. तिची आत्या म्हणते, त्यापेक्षा फिजिओथेरपी घे, ते निदान लोकांना माहीत तरी आहे. पोरगी गप्प आहे. बहिणीचा काल फोन आला, ‘तिकडे अमेरिकेत याला मागणी आहे का, ते विचारून सांग.’

प्रवेश निश्चित करायला फार दिवस उरलेले नाहीत. लिस्टवर या क्षेत्रातलं कोणी असेल तर मोकळेपणाने लिहावं, ही विनंती.

भाचीचा मामा

प्रेषक: न्यू जर्सीच्या सभासद

दादा, नमस्कार.

मी नागपूरच्या मेडिकलमधूनच ओटी केलं. आज इथे एका रिहॅब हॉस्पिटलमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: तिला माणसांच्या जवळ जाऊन, वेळ देऊन काम करायला आवडत असेल तर ही सीट घ्यावी. अमेरिकेतल्या मागणीकडे बघून घेऊ नये. एमबीबीएस हुकलं म्हणूनही घेऊ नये. साडेचार-पाच वर्षांचा अभ्यास आहे, त्यातला शेवटचा काळ इंटर्नशिपचा. मन नसेल तर तो काळ फार लांबतो.

आत्याबाईंना सांगा, ही शाखा कालची नाही. एलिझाबेथ लंडी नावाच्या अमेरिकन बाई लग्न करून कमलाताई निंबकर झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईत केईएममध्ये देशातलं पहिलं ओटीचं विद्यालय सुरू केलं. १९५२ साली ओटीचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक देशांत होता. १९५८ पासून हे शिक्षण आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये आहे. मेडिकल चौकातून रोज जाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता शिकवतात काय? सुरुवातीला अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी. पुढे सांधे-स्नायूंचं यांत्रिक गणित, मानसशास्त्र, मग मेडिसिन, ऑर्थो, न्यूरो, सायकियाट्री, मुलांचे आजार. ही यादी फिजिओच्या पोरांचीही बरीचशी अशीच असते. फरक वॉर्डात कळतो. आम्हाला पहिल्यापासून एक सवय लावली जाते, ती म्हणजे कुठलंही काम सुटं करून बघायची. पोळी करायची तर परात धरणं, पीठ मळणं, उंडा करणं, लाटणं, तव्यावर टाकणं, उलटणं. यातल्या प्रत्येक पायरीला कोणता सांधा किती वाकतो, किती ताकद लागते, नजर कुठे हवी, किती लक्षात ठेवावं लागतं आणि भाजण्याचा धोका कुठे आहे, हे मांडायचं. मग पेशंट नेमका कुठे अडतो ते शोधायचं.

उमरेडकडच्या एक काकू होत्या, उजव्या अंगाला लकवा. त्यांना ‘बोटं हलवून दाखवा’ म्हटलं की त्या रडायच्या. आमच्या मॅडमनी एक दिवस परात मागवली. परातीखाली ओलं फडकं अंथरलं, म्हणजे ती सरकत नाही. परात कमरेच्या उंचीवर ठेवली, काकूंना उभं केलं, उजवा तळवा पिठावर ठेवून वरून डावा हात, कोपर सरळ, आणि अंगाचा भार हळूहळू पुढे. दुबळ्या हातावर भार घेण्याचा व्यायाम तोच, पण काकूंचं लक्ष पिठाकडे होतं. ‘पाणी जास्त झालं व्हय, पोरी,’ असं मलाच रागावल्या. लाटण्याला दोन्ही हात लागतात, म्हणून ते पुढच्या टप्प्याला ठेवलं. एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागे न्यूरोचा सगळा अभ्यास असतो. नुसतं बघणाऱ्याला तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट स्प्लिंटची, म्हणजे हात नेमक्या स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराची. हे कसब पाठ करून येत नाही, हाताला बसावं लागतं. कागदावर पेशंटच्या हाताची बाह्यरेषा काढायची, त्यावरून साचा कापायचा, थर्मोप्लास्टिकचा पत्रा साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात टाकायचा. तो लुसलुशीत झाला की पुसून, आधी आपल्या मनगटावर ताप बघून, पेशंटच्या हातावर बसवायचा. थंड होऊन कडक व्हायच्या आत मनगट आणि बोटं नेमक्या कोनात धरून ठेवायची. हात भाजलेला असेल तर मनगट थोडं मागे, बोटांची मुळं सत्तरेक अंशांत वाकलेली आणि पुढची बोटं सरळ. नाहीतर बोटांच्या मुळाशी असलेले बंध आखडतात आणि जखम भरली तरी मूठ वळत नाही. मग कडा बाहेर वळवायच्या, करंगळीकडच्या मनगटाच्या हाडाला दाब येतो का बघायचं, आणि वीसेक मिनिटांनी काढून कातडीवर लाल वळ राहिलाय का तपासायचं. वळ गेला नाही तर पुन्हा पाण्यात. परीक्षेत हाच वळ बघतात.

विदर्भात हे शिकण्याला आणखी एक अर्थ आहे. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात लहान मुलांना लकवा मारू शकतो, तरण्या पोरांचा खुब्याचा सांधा खराब होतो. उकिडवं बसून काम करणाऱ्या माणसाचा खुबा गेला तर संडास, चूल, शेत, सगळंच अडतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने अपंगत्वाचे सातावरून एकवीस प्रकार केले, त्यात सिकलसेलही आला. तसाच कुष्ठरोग. बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला, नागपूरपासून काही तासांवर. औषधाने जंतू मरतात, पण अल्नर नस (कोपरामागून करंगळीकडे जाणारी) गेली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं, हाताला चटका कळत नाही. अशा हाताला स्प्लिंट द्यायचा, पातेल्याच्या कानाला कापड गुंडाळायला शिकवायचं, विळ्याची मूठ जाड करून द्यायची, रोज हात तपासायची सवय लावायची. पुस्तकात हे दोन पानांत संपतं, पण नागपूरच्या ओपीडीत ते रोज समोर बसलेलं असतं.

नोकरीचंही सांगायला हवं. नागपुरात खाजगी सेंटरमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि बरेच डॉक्टरही पेशंटला ओटीकडे पाठवायचं विसरतात. लहान मुलांचं काम मात्र खूप वाढलंय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं), लिहिण्यात मागे पडणारी मुलं. त्यात काही ठिकाणी ‘ऑटिझम पूर्ण बरा करू’ अशा पाट्याही दिसतात. तसलं काम तिने कधी करू नये, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगेन.

दादा, एक करा. निर्णयाआधी तिला एक सकाळ ओटीच्या ओपीडीत नेऊन बसवा. परवानगी आधी मागा, नम्रपणे मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

न्यू जर्सीची ताई

प्रेषक: लंडनचे सभासद

ताईंचं पत्र वाचून राहवलं नाही.

बाबांना नागपुरात लकवा झाला तेव्हा मी इथे होतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘घरी व्यायाम करणे’ एवढंच लिहिलं होतं. शेजाऱ्यांनी एका ओटी मुलीचा नंबर दिला. ती आली आणि आधी बाथरूम बघायला गेली. मोरीची पायरी, नळाची उंची, कडी कुठल्या बाजूला. दोन ठिकाणी भिंतीला दांडे लावायला सांगितले. आईला शर्ट घालायला शिकवलं: घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. तोवर रोज ओढाताण व्हायची, दोघंही थकून जायचे.

नंतर तिने बाबांना विचारलं, काका, तुम्हाला काय करायचंय? बाबा म्हणाले, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जायचंय, भाजी मीच आणतो. मग तेच सुरू झालं. खिशातून नोट काढणं, सुटे मोजणं, पिशवी कोपरात अडकवणं, गर्दीत थांबून उभं राहणं. आधी घरात, मग गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याकडे, मग बाजारात तिच्यासोबत. बाबा आज तिथे एकटे जातात. हातात पूर्वीइतकी ताकद नाही, वांगी मात्र स्वतः निवडतात.

मामासाहेब, तुमच्या भाऊजींना हे वाचून दाखवा.

प्रेषक: डॅलसचे सभासद

ताई, फार आभार. भाची आज मेडिकलला जाऊन आली. तिने मला पाठवलेलं तुम्हाला पुढे पाठवतो.

‘मावशी, नमस्कार. मामानं तुमचा मेल दाखवला. मी आज सकाळी ओपीडीत बसून आली. एक चार-पाच वर्षांचा मुलगा होता, सेरेब्रल पाल्सीचा. त्याची आई गडचिरोलीकडून आली होती. मॅडमनी त्याला छोट्या खुर्चीत नीट बसवलं, पाय जमिनीला टेकवले, कमरेला पट्टा लावला, आणि समोर वाटीत मोठे मणी ठेवले. मला वाटलं, मणी उचलायला शिकवून राहिल्या. पण त्यांनी आधी बराच वेळ त्याचं बसणंच सुधारलं. बसणं नीट झाल्यावर त्याचा हात आपोआप पुढे गेला. हे कसं झालं ते मला समजून घ्यायचं आहे.

बाबा म्हणतात, हे तर पोरं खेळवणं झालं, त्याला डिग्री कशाला? त्यांना मला नीट उत्तर देता आलं नाही. दुसरं, माझी दहावी मराठी माध्यमातून झाली, अकरावी-बारावीत इंग्रजीनं दमवलं. अ‍ॅनाटॉमी झेपेल का? आणि बाहेर जायचं की नाही, हे आताच ठरवावं लागते का?’

प्रेषक: न्यू जर्सीच्या सभासद

बाळा,

तू जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. धड स्थिर नसलं की त्या मुलाची सगळी ताकद न पडण्यात जाते, हात आधार शोधत राहतो. कंबर आणि पाय टेकले की हात मोकळा होतो. बाबांना हेच सांग: मणी सगळ्यांना दिसतात, खुर्चीची उंची किती हवी हे ठरवायला चार वर्षांचा अभ्यास लागतो. तुला पहिल्याच सकाळी मण्यांऐवजी बसणं दिसलं, याचा मला फार आनंद झाला.

इंग्रजीची भीती धरू नकोस. माझ्या वर्गात विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुली होत्या. पहिले काही महिने डिक्शनरी घेऊन बसावं लागतं, मग शब्द परत परत तेच येतात. अ‍ॅनाटॉमी वाचून पाठ करू नकोस. स्वतःच्या हातावर पेनाने स्नायू काढ, मैत्रिणीच्या दंडावर नस शोध, बोलून दाखव. पेशंटशी तर मराठी, हिंदी, जमली तर थोडी गोंडीच कामी येते. गडचिरोलीच्या त्या आईशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलणारी थेरपिस्ट तिला हवीच आहे.

परदेशाचं आता ठरवू नकोस, पण दार उघडं ठेव. अमेरिकेत नुसत्या बीओटीएचवर चालत नाही, इथे पदव्युत्तर पातळीचं शिक्षण लागतं. एनबीसीओटी ही इथली ओटींना प्रमाणपत्र देणारी संस्था आधी तुझी पात्रता तपासते, मग परीक्षा, आणि मग त्या त्या राज्याचं लायसन्स. इंग्लंडमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वेळी त्यांच्याच संकेतस्थळावर बघ. सगळीकडे एक गोष्ट मात्र विचारतात: काय शिकलात आणि प्रत्यक्ष पेशंटसोबत किती तास काम केलंत. जागतिक महासंघाच्या निकषात किमान १००० तास आहेत. म्हणून पहिल्या वर्षापासून एक फाइल कर. विद्यापीठाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम, प्रत्येक पोस्टिंगचा विभाग, तारखा, तास, खाली सही-शिक्का. पास झाल्यावर जुने तास गोळा करत फिरणं फार जिकिरीचं असतं, तेव्हाचे शिक्षकही बदललेले असतात.

बाबांशी मी स्वतः बोलते. रविवारी नागपूरच्या रात्री ८ ला फोन करेन, आईलाही जवळ बसव. रिपीट करायचं तुझ्या मनात असेल तर तेही त्याच वेळी स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. आणि प्रवेश घ्यायचा ठरला तर सोमवारी मूळ कागदपत्रांसोबत सगळ्याच्या तीन-चार झेरॉक्स प्रती घेऊन जा, मेडिकल चौकातल्या दुकानांत त्या दिवसांत फार गर्दी असते.

तुझी मावशी